नावेच्या तळातले वाफे

शरणप्पा,

इंजिन अजून बाभळीखालीच आहे. ज्या ओंडक्यांवर तू ते उतरवून ठेवलेस, त्यांवरच आहे. वर युरियाचे रिकामे पोते तूच पांघरलेले, नळ्यांच्या तोंडांत चिंध्याही तूच कोंबलेल्या. त्यांना मी हात लावलेला नाही. नावेचा तळ मात्र खरवडून पुरा झाला आहे. हे तुला कळवणे मला आवश्यक वाटते, कारण तो अर्ध्यावर टाकून तू गेलास, आणि अर्धे काम टाकून जाणे तुझ्या स्वभावात नव्हते.

तुझ्यामागे मठात सभा झाली, तिथे लोक तुझ्याविषयी चांगले बोलले. पाण्यावर तू कधी कुणाला ताटकळत ठेवले नाहीस, बाळंतिणीला पोचवलेस, आजाऱ्याला आणलेस, असे पुष्कळ. एक सोमवार सोडला तर ते खरे होते. मलाही बोलायला सांगितले. मी उठलो नाही. तुझ्या अक्काला त्याचा राग आला. घरी आल्यावर ती म्हणाली, "माझा पाठचा भाऊ व्हता त्यो. दोन शब्द बोलला असताव तर जीब झिजली असती का?" माझी बायको म्हणून तिने माझे न बोलणे आजवर सोसले. तुझी बहीण म्हणून त्या दिवशी तिला ते सोसले नाही. मी तिला काय सांगणार? मला जे बोलायचे होते ते नावेच्या तळाविषयी होते. सभेत सांगण्यासारखे ते नव्हते.

धरणाचे पाणी फुगले आणि गावाची निम्मी शेते पलीकडच्या काठावर राहिली, तेव्हा ही नाव आपण दोघांनी करवून घेतली. आपल्यापैकी कुणीही नाव पाहत वाढलेला नव्हता. तू शेतकरी, मी भालकीच्या पेठेत रंग आणि लोखंडी सामान विकणारा, आणि बांधणारा मेहकरकडचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणारा. त्याने ट्रॉलीच केली. फक्त चाके लावली नाहीत आणि पुढचे तोंड निमुळते केले. विहिरीवर चालते तसले डिझेल इंजिन मागे बसवले. तळाच्या पत्र्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग वेल्ड केल्या, कुठे बोटभरही फट न ठेवता. काम भक्कम दिसत होते. मीच त्याची पाठ थोपटली. नाव पाण्यात गेल्यावर कळले, की प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मध्ये पाणी साचते आणि तिथेच राहते. पावसाचे असो, माणसांच्या पायांनी आलेले असो, ज्या खणात पडले त्याच खणात उभे. तू पायाखालच्या फळ्या उचलून पाहिलेस आणि हसलास.

"दाजी, ह्येनं तर वाफे पाडून दिल्यात की वो. आता ऊसच लावू."

तेव्हापासून आपण त्यांना वाफेच म्हणत आलो.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की नाव काठावर ओढायची, इंजिन काढायचे, तळ कोरडा करायचा आणि रंग द्यायचा, हा आपला क्रम. सोमवारी बैल जुंपायचे नाहीत ही आपल्याकडची रीत. तू ती इंजिनालाही लावलीस. पलीकडून लोकांनी कितीही हाका मारल्या तरी सोमवारी तू हँडलला हात लावत नव्हतास. इंजिनाला विभूती लावून स्वस्थ बसायचास. म्हणून तळाचे काम सोमवारी. पुढचे वाफे तुझे, मागचे माझे. तू नावेच्या नाकाकडून यायचास, मी इंजिनाच्या बैठकीकडून. डब्याने पाणी उपसायचे, फडक्याने टिपायचे, उरलेला काळा चिखल खरवडून पाटीत भरायचा. त्यात तुरीचा भुसा निघे, माशांचे खवले, बांगड्यांचे तुकडे, एकदा कुणाची तरी आख्खी चप्पल. मधल्या वाफ्यापाशी आपली डोकी एकमेकांना भिडायची. तोवर तुझी बायको महादेवी भाकरी घेऊन आलेली असायची. मग जेवण आणि भांडण एकाच वेळी.

पहिले भांडण तेलाचे. नांगराचा फाळ आणि तिफणीचे फण पावसाळ्यानंतर जळके तेल चोपडून माळ्यावर ठेवायचे, हे तू वडिलांकडून शिकलास. नावही लोखंडाचीच, मग तिलाही तेल पाजले पाहिजे, असा तुझा हिशेब. इंजिनातून काढलेले जळके तेल तू वाफ्यावाफ्यांत ओतायचास. मी सांगायचो, की तेलावर रंग धरत नाही. रंग विकण्यात माझा जन्म गेला. तू मान डोलवायचास आणि माझी पाठ फिरली की पुन्हा ओतायचास. पुढच्या उन्हाळ्यात रंगाचे पापुद्रे कांद्यासारखे हातात येत.

"तुमचा रंग पावन्यावानी हाय दाजी," तू म्हणायचास. "दोन दिस ऱ्हातंय, खाऊन पिऊन निगून जातंय."

"तेल न्हाई वतलास तर ऱ्हाईल."

"तेल न्हाई वतल्यावर लोखंडाला जीव कसा ऱ्हाईल ते सांगा की."

तेलाच्या भांडणात शेवटी तू हरलास. मी तुझ्या देखत सोड्याच्या गरम पाण्याने एक वाफा घासला, दुसरा तुझ्या मताप्रमाणे नुसता पुसला, आणि दोहोंवर स्वच्छ पाणी शिंपडले. घासलेल्या पत्र्यावर पाणी सपाट पसरले. पुसलेल्यावर त्याचे थेंब उभे राहिले, अळूच्या पानावर राहतात तसे. तू बराच वेळ त्या थेंबांकडे पाहिलेस आणि म्हणालास, "इरली बिडी." असू द्या, सोडा. भांडण तू नेहमी मराठीत करायचास आणि माघार कन्नडमध्ये घ्यायचास. माघार घेतल्यावर मात्र तू ती पाळलीस. त्यानंतर तळात तेलाचा थेंब पडू दिला नाहीस.

दुसरे भांडण दारांचे. ते मिटले नाही.

वाफे भिजवताना बांध फोडून पाण्याला पुढे वाट द्यावी लागते, तशी आडव्या पट्ट्यांना बुडाशी भोके पाडावीत, म्हणजे सगळे पाणी आपोआप मागे इंजिनापाशी जमेल, हे तुझे म्हणणे. शेतातल्यासारखेच त्या भोकांना तू दारे म्हणायचास. माझे म्हणणे, की पट्ट्या या नावेच्या बरगड्या आहेत आणि बरगडीला भोक पाडले की ती दुबळी होते. दर उन्हाळ्यात तू ते काढायचास आणि दर उन्हाळ्यात मी नाही म्हणायचो. नाव दोघांची होती. माझ्या होकाराशिवाय तू लोखंडाला हात लावला नसतास. वयाने मोठा असण्याचा आणि दाजी असण्याचा मी पुरेपूर उपयोग केला.

माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तो उन्हाळा तुला आठवत असेल. वाकायचे नाही, धुळीत जायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तू एकट्याने इंजिन काढलेस. चेनपुली बाभळीला बांधून, एका हाताने साखळी ओढत आणि दुसऱ्या हाताने इंजिन सावरत. पुढचे सगळे वाफे तू लख्ख केलेस. मागच्यांना हातही लावला नाहीस. मी हिरवी पट्टी बांधून काठावर आलो, ते पाहिले आणि तुला आळशी म्हणालो.

"तुमच्या वाफ्यांना मी हात लावीत न्हाई," तू म्हणालास. "उगं म्हनाल, मेव्हन्यानं वाटा मारला."

मुडबी गावी एका लग्नात पाहुण्यांनी तुला विचारले, नाव अजून काठावरच कशी. तू सांगितलेस, रंग मिळेना. मी तेव्हा शेजारीच पंगतीला बसलो होतो, आणि माझे दुकान रंगाने भरलेले होते. मी पुढ्यातला भात कालवत राहिलो. त्या वर्षी नाव उशिरा पाण्यात गेली. लोक तुझ्यावर चिडले. माझी पट्टी सुटेपर्यंत तू थांबलास, आणि मग आपण दोघे समोरासमोर बसून मागचे वाफे खरवडले. तू त्याविषयी एक शब्द काढला नाहीस. मीही आभार मानले नाहीत. आभार मानले असते तर तू कुठे पाहायचे या विचाराने गोंधळला असतास, असे मी माझ्या मनाचे समाधान करून घेत आलो आहे. ते पुरेसे नाही.

यंदाचा तो सोमवार. इंजिन सकाळीच खाली उतरले होते. फळ्या काढून उन्हात टाकल्या होत्या. तू तुझ्या वाफ्यांतून सरकत मध्यापर्यंत आलास, कंबर धरून ताठ झालास आणि नेहमीप्रमाणे सुरू केलेस.

"दाजी, औंदा तरी दारं पाडू की."

"बरगडीला भोक पाडत नसतेत."

"बरगडी म्हनं! बांध हाय त्यो, बांध. बांधाला दार न्हाई म्हनल्यावर पानी जावं कुठं?"

"नाव म्हंजे शेत न्हाई."

"शेत न्हाई तर मग ही पाटीभर माती कुठनं निगायलीय?"

महादेवी हसली. मी हसलो नाही. तू पुढे म्हणालास, "एका मान्साचं काम आपुन दोगं कामून करायलाव, ते तरी सांगा. दारं असली तर मी एकटा मागं बसून डब्यानं पानी फेकीन. तुमी घरी पंख्याखाली झोपा."

"न्हाई म्हटलं ना."

"मग मी मेल्यावर पाडता का?"

"आदी मर. मग बघू."

हे असेच बोलणे होते. आपल्यात याहून वाईट बोलणी झाली आहेत. महादेवीने भाकरीचे फडके आपटले: "सोमवारच्या दिसी काय बोलायलाव वो तुमी दोगं! तोंडाला काय धरबंद?" आणि तू हसत तिला म्हणालास, "मी मरत न्हाई गं, दाजीचा हट्ट मोडल्याबिगर." मग भाकरी खाल्लीस. ठेचा जास्त झाला म्हणून माझ्या ताटात सारलास. तो आठवडा संपायच्या आत तू लिंगैक्य झालास. छातीत कळ आली, खाट मागितलीस, आणि कुणाला गाडी आणायलाही सवड दिली नाहीस.

तुला बसते करून मातीच्या हवाली केले तेव्हा मी तिथे होतो. माझ्या मनात तुझे ते हसणे नव्हते, माझे उत्तर होते. आजही तेच आहे. ते परत घेता येत नाही. जन्मभर दिलेल्या इतक्या कोरड्या उत्तरांपैकीच ते एक, असे मानायचा मी प्रयत्न केला. जमले नाही.

विधी आटोपल्यावर मी पुन्हा काठावर गेलो. नावेचे मधले वाफे राहिले होते. सोड्याचे पाणी तापवले, घासले, धुतले, वाळवले. गंज निघेना तिथे हातोडीच्या टोकाने ठोकत गेलो. इंजिनाखालचा पत्रा ठणठणीत निघाला; तुझे जुने तेल तिथे खोल मुरलेले होते, आणि तिथे त्याने काम केले हे मी मान्य करतो. पण मधल्या वाफ्याच्या कोपऱ्यात, जिथे पट्टी पत्र्याला मिळते तिथे, हातोडीचा आवाज बदलला. पुन्हा ठोकले तसे टोक आत गेले. पत्रा भिजलेल्या पापडासारखा झाला होता. वरचा रंग शाबूत होता. खाली वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या पाण्याने लोखंड खाऊन टाकले होते. यंदा नुसता रंग देऊन नाव सोडली असती तर ती कुठेतरी मधोमध उघडली असती, आणि तिच्यात माणसे असती.

मी तिथेच बसलो होतो. महादेवी तळ धुवायला पाणी घेऊन आली. तिने वाकून ते छिद्र पाहिले, त्यातून बोट खाली काढले.

"पानी उभं ऱ्हायलं म्हनून कुजलं ह्ये, न्हाई दाजी?"

"व्हय."

"मग ह्यांचं खरं व्हतं."

तिने घागर खाली ठेवली.

"मिरगाच्या आदी नाव पान्यात पायजे. पलीकडची लोकं इचारायल्यात. मी चालवनार हाय. हँडल मारायला येतंय मला, सुकानू धरायलाबी येतंय. पन चालवता चालवता समद्या फळ्या उचलून एकेक वाफा मी कवा उपसू? दोन हातच दिल्यात देवानं. दारं पाडनार का न्हाई, येवडं सांगा. न्हाई म्हनलाव तर इंजिन हिरीवर बशिवते अन् नावंत गवऱ्या रचते."

तुझ्या बायकोला मी इतके बोलताना कधी ऐकले नव्हते. तू असतानाच्या भांडणांत ती भाकरी घेऊन यायची आणि हसायची, एवढेच मला माहीत. ती बोलत होती ते सरळ होते. बरगड्यांचे कारण त्या छिद्रातून केव्हाच गळून गेले होते. तरीही माझ्या तोंडून होकार निघेना. मी कारण शोधू लागलो. सापडले ते मला आवडले नाही. दारे पाडायची नव्हती, कारण दारे पाडली की ते एका माणसाचे काम होते. वाफे होते म्हणून तू नाकाकडून यायचास आणि मी मागून, आणि मध्यावर कुणीतरी माझे म्हणणे खोडून काढायचे. वर्षातले तेवढे दिवस मला कुणीतरी समोर बसवून भांडत होते. दुकानात माझ्याशी कुणी भांडत नव्हते. घरी तर नाहीच. मी लोखंडाची कारणे सांगत राहिलो. तुला ती पटत नव्हती, पण तू दर वर्षी मान्य करत गेलास. तुला खरे कारण ठाऊक होते का, हे मला विचारायचे आहे. विचारायची जागा उरलेली नाही.

आणि आणखी एक. जोवर दारे पाडलेली नाहीत तोवर तो वाद उघडा आहे, आणि वाद उघडा आहे तोवर दुसरी बाजू आहे, असे मला वाटत होते. म्हातारपणी माणूस असल्या गोष्टी धरून बसतो.

महादेवी उत्तराची वाट पाहत उभी होती. नाव तिला चालवायची होती, मला नव्हे.

"इरली," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. मग तिला कळले, आणि ती पदर तोंडाला लावून बाभळीकडे गेली.

वेल्डर आला. त्याने कुजलेला कोपरा कापून नवा पत्रा बसवला आणि प्रत्येक पट्टीला बुडाशी, मध्यभागी, अर्धगोल दार पाडले. तू असतास तर दाराचा आकार कसा हवा यावर त्याच्याशी हुज्जत घातली असतीस. मी घातली नाही. कापलेल्या कडा मी स्वतः कानशीने घासून गुळगुळीत केल्या, कारण धारेवर रंग टिकत नाही आणि फडके अडकते. ठिणग्यांनी काळे पडलेले सगळे पुन्हा घासले, सोड्याने धुतले, पाणी शिंपडून पाहिले. थेंब कुठेही उभा राहिला नाही. रेड ऑक्साइडचे अस्तर द्यायच्या आधी एक परीक्षा राहिली होती.

सोमवार होता. मी सकाळी लवकर गेलो. नाकाखाली दगड देऊन नाव मागे किंचित कलती केली, इंजिन बसल्यावर ती पाण्यात असते तशी. महादेवी म्हणाली, उपसून मीच बघते, पुढं मलाच उपसायचंय. ती मागे इंजिनाच्या रिकाम्या बैठकीपाशी डबा घेऊन बसली. मी नाकाशी उभा राहून घागर ओतली.

पाणी पहिल्या पट्टीपाशी क्षणभर थांबले. मग दार सापडून पलीकडे गेले. तिथून पुढच्या वाफ्यात, तिथून पुढच्या. मधल्या वाफ्यातून ते जाताना मी पाहिले. जिथे आपण थांबायचो तिथे ते थांबले नाही. सगळे मागे जाऊन जमले. मी दुसरी घागर ओतली. तीही गेली. महादेवीने बसल्या जागेवरून डबा मारला, बाहेर फेकले, पुन्हा मारला. शेवटचे पाणी फडक्याने टिपून तिने ते पिळले आणि वर पाहिले.

"झालं की वो दाजी."

"झालं?"

"व्हय. बगा की, कोरडं ठक्क."

मी वाकून पाहिले. तळ सबंध कोरडा होता. आपल्याला ज्या कामाला भाकरीची वेळ व्हायची ते उरकले होते, आणि ऊन अजून बाभळीच्या बुंध्यावरही आले नव्हते. तिने पदर खोचला आणि पत्रा वाळेपर्यंत भाकऱ्या थापून येते म्हणून ती घरी गेली. मी घागर पालथी घातली. दुपारपर्यंत रंगाला हात लावता येणार नव्हता. शरणप्पा, इतकी मोठी सकाळ मला या काठावर कधी मिळाली नव्हती. तिचे काय करावे ते मला कळले नाही.